वडाप भरेपर्यंत

अक्काला जो कॅन्सर झाला होता तो फॉर्मवर नव्हता.

फॉर्मवर चौतीस कॅन्सर होते. मिरजेच्या नोंदणी कक्षातल्या बाईंनी एकदा अक्काकडं पाहिलं, एकदा स्क्रीनकडं, आणि साडीच्या दुकानात विचारतात तसं विचारलं, "यातला जवळपासचा एखादा चालेल का? थायरॉइड बघा. थायरॉइडला लगेच नंबर लागतो."

"हिची गाठ मांडीत आहे," मी म्हणालो. "आता छातीत पण आहे."

"मग इतर."

"इतर म्हणजे?"

"इतर म्हणजे इतर. पस्तिसावा रकाना."

"लिहा की मग," अक्का म्हणाली. "लग्नपत्रिकेत पण मी 'आणि इतर'मध्येच असते."

ही २०४१ सालची गोष्ट. तोवर कॅन्सर ही बऱ्याच लोकांसाठी मरणाची नव्हे, वैतागाची बाब झाली होती. आमच्या गल्लीतल्या मावा खाणाऱ्या तिघांना तोंडाचा झाला. तिघंही चार-चार इंजेक्शनं घेऊन परत मावा खायला लागले. अक्काचा मात्र कोटीत दोघा-तिघांना होणारा होता. त्याचं नाव इतकं लांब होतं की ते घेताना डॉक्टरसुद्धा मधे एकदा श्वास घ्यायच्या.

माझं नाव शीतल आदगोंडा मगदूम. आमच्या सांगली-कोल्हापूरकडच्या जैनांत शीतल हे पुरुषाचं नाव असतं. ही बातमी उरलेल्या महाराष्ट्रात अजून पोचलेली नाही, त्यामुळं मला येणारी निम्मी पत्रं 'श्रीमती' असतात. काम आवाजाचं. सकाळी तुमच्या दारात घंटागाडी येऊन "ओला कचरा वेगळा, सुका कचरा वेगळा" म्हणते, तो मी. गाडीवर ड्रायव्हर राहिला नाही, आवाज राहिला. एका कंपनीला मी तीन दिवस बसून हजारभर वाक्यं वाचून दिली, तेव्हापासून माझा आवाज माझ्याविनाच कामाला जातो. लिफ्टमध्ये मी, पाणीपट्टीच्या फोनवर मी. आई म्हणते, "घर सोडून सगळीकडं बोलतोय."

अक्का म्हणजे त्रिशला, माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. लहानपणी मी तिचा आवाज काढून तिच्या मैत्रिणींशी फोनवर बोलायचो. एकदा तर तिच्या वर्गातल्या एका मुलाला तिच्या वतीनं नकारसुद्धा मीच देऊन टाकला. नऊ वर्षांपूर्वी इचलकरंजीच्या भरतेश चौगुल्यांशी तिचं लग्न झालं. मांडवात दाजींनी ताटातल्या तांदळात अंगठीनं तिचं नवं नाव लिहिलं. अनुप्रिया. अक्काला ते नाव अंगाच्या साबणाचं वाटलं, पण ती बोलली नाही. तेव्हापासून तिकडं अनुप्रिया, इकडं त्रिशला.

आदल्या दिवाळीनंतर तिला खोकला लागला तसे दाजी तिला आमच्याकडं सोडून गेले. "माहेरी जरा आराम पडेल." आमच्यात आजारी बाईला आधी माहेरी पाठवतात, मग दवाखान्यात. मांडीतल्या गाठीचं विचारलं तर अक्का म्हणाली, "ह्यांनी दाखवली होती तिकडं. चरबीची आहे." मी तिला मिरजेला नेलं. छातीतला नमुना काढला, आणि माहेरच्या जुन्या आरोग्यकार्डावर, त्रिशला आदगोंडा मगदूम या नावानं, नोंदणी केली.

तिला चार नंबर मिळाला. आता बारा व्हायची वाट बघायची होती.

*

बारा का, ते डॉक्टर नाझनीन मुल्लांनी मला समजावून सांगितलं. त्या चाळिशीच्या, आणि चहा गार झाल्यावरच पिणाऱ्या.

"कॅन्सरची पेशी आपल्याच पेशीसारखी दिसते," त्या म्हणाल्या. "पण तिच्या अंगावर काही मोडक्या प्रथिनांचे तुकडे लटकत असतात. यंत्र गाठ वाचतं, ते तुकडे शोधतं, आणि त्यांचं वर्णन असलेली लस लिहून देतं. मग शरीराचे शिपाई ते वर्णन घेऊन हिंडतात आणि दिसेल त्याला धरतात."

"मग अक्काची गाठ वाचा की."

"वाचली. पण कुठला तुकडा आजाराचा आणि कुठला तिचा स्वतःचा, जन्मापासूनचा, हे एका गाठीवरून कळत नाही. चुकीचं वर्णन दिलं तर शिपाई हृदयालाच धरतील. म्हणून एकाच जातीच्या बऱ्याच गाठी शेजारी-शेजारी ठेवायच्या. सगळ्यांत जे सारखं निघेल ते आजाराचं. फुप्फुसाच्या यंत्रानं लाखो पाहिल्यात. तुमच्या फारशा पाहिलेल्याच नाहीत."

"किती लागतात?"

"नऊ पुरतात."

"आपण तर आत्ताच नऊ आहोत!"

"नियम बाराचा आहे. समितीनं नऊच ठरवले होते. मग कुणीतरी म्हणालं, थोडे जास्त असू देत. दहा-अकरा कागदावर बरं दिसेना, म्हणून डझन केलं."

"केळ्यांसारखं?"

"केळीवाला दहा पण देतो," डॉक्टर म्हणाल्या आणि चहा प्यायल्या.

बारा झाले की यंत्र सुरू. सुरू झाल्यावर एक माणूस गेला तर चालतं, पण अकराच्या खाली आकडा आला की बंद. आकडा खरा राहावा म्हणून दर महिन्याच्या एक तारखेला, सकाळी अकराच्या सुमारास, प्रत्येक पेशंटला हयातीचा फोन यायचा. पेशंट जिवंत आहे का, एवढंच विचारायला. पहिला फोन आला तेव्हा अक्कानं तो कानाला लावला आणि डोळे मोठे करून माझ्याकडं पाहिलं.

फोनवर मी होतो.

"नमस्कार. आपण त्रिशला मगदूम बोलत आहात का?" माझा आवाज विचारत होता. हजार वाक्यांतून जुळवलेला, चकचकीत.

"बोलतेय," अक्का म्हणाली. "तू इथं शेंगा सोलतोयस ना रे?"

"या महिन्यात दुखणं कसं आहे?"

"बघ की, किती मायेनं विचारतोय. घरात एकदा तरी विचारलंस का असं?"

*

सगळ्या पेशंटांचा एक ग्रुप होता. नावं सांगायची बंदी, गुप्ततेचा नियम. त्यामुळं सगळे एकमेकांना नंबरानंच ओळखायचे. सगळ्यांत बोलका सात नंबर. जतचा, आयुष्यभर वडापची जीप चालवलेला म्हातारा.

"मोठ्या रोगाची एस्टी असती," तो आवाजी निरोपात म्हणायचा. "येळ झाली की सुटती, रिकामी का असंना. आपलं वडाप हाय. शीटं भरल्याबिगर हलायचं न्हाई."

"मग तुम्ही काय करायचा, भरलं नाही तर?" अक्कानं विचारलं.

"घरातलंच माणूस बशिवायचं. माझी बायकू कितींदा नुसतीच शीटावर बसून ऱ्हायलीया, पिशवी घिऊन. दहा बसल्यात म्हटलं की अकरावा पळत येतोय. मग गाव सोडल्यावर फाट्याला तिला उतरवायची."

अक्का खूप हसली. हसल्यावर तिला खोकला यायचा, म्हणून मी तिला हसवणं कमी केलं होतं. माझ्यासारख्याला हे म्हणजे कोल्ह्याला ऊस सोडायला सांगण्यासारखं.

मेपर्यंत आम्ही अकरा झालो. जूनमध्ये दोन नंबरचे गृहस्थ गेले, दहा झालो. महिनाअखेर नवी बाई आली, तिला तोच रिकामा नंबर, पुन्हा अकरा. मग काहीच हलेना. अक्काला जिना चढवेना, मग न्हाणीपर्यंत चालवेना. मी रोज सकाळी बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, जायला लागलो. 'अहिंसा परमो धर्मः' लिहिलेल्या भिंतीखाली हात जोडून उभा राहायचो आणि देवाकडं कॅन्सर मागायचो. दुसऱ्या कुणालातरी. कुठल्या गावचा, किती वयाचा, माझी काही अट नव्हती. नंतर घरी येऊन पाणी गाळून प्यायचो, त्यात किडामुंगी मरू नये म्हणून.

ऑगस्टमध्ये मला दुसरं सुचलं. घंटागाडीचा नवा मजकूर माझ्याकडंच रेकॉर्डिंगला आला होता. सांगली, कोल्हापूर, सातारा, तिन्हीकडचा. मी ओल्या आणि सुक्या कचऱ्याच्या मधोमध तीन वाक्यं घातली. "मांडीत, दंडात किंवा पाठीत न दुखणारी गाठ वाढते आहे का? तपासणीत 'इतर' असं लिहून आलं आहे का? असल्यास या क्रमांकावर कळवा." आणि पुढं लगेच, "काचा व सॅनिटरी पॅड वेगळ्या कागदात गुंडाळून द्यावेत."

एका नगरसेवकानं तक्रार केली की नागरिकांच्या गाठींना कचरा म्हटलं जातंय. ती तक्रार फिरून माझ्याकडं येईपर्यंत अकरा दिवस गेले, आणि तेवढ्यात काम झालं. इचलकरंजीच्या एका लॅबमधली बाई सकाळी डबा घेऊन दारात उभी होती. तिनं मजकूर ऐकला, कामावर गेली, आणि 'इतर' अशी पट्टी लावलेला खालचा ड्रॉवर उघडला.

त्यात मांडीतल्या गाठीचा एक नमुना होता. दीड वर्षापासून.

*

"बारा!" डॉक्टर मुल्लांचा फोन आला तेव्हा पहिल्यांदाच त्यांचा आवाज डॉक्टरसारखा नव्हता. "महिला, तेहतीस वर्षं. यंत्रानं गाठ ओळखली, नोंद झाली. सोमवारी सुरू करतोय."

ग्रुपवर सात नंबरनं जीपचा हॉर्न पाठवला. लोक रडत होते, पेढ्यांचे फोटो टाकत होते. ठरलं असं की बारा नंबरचा सत्कार करायचा. एका बाईला कॅन्सर झाल्याबद्दल शाल-श्रीफळ द्यायची कल्पना कुणालाच विचित्र वाटली नाही, आणि सगळ्यांच्या वतीनं सत्कार करायला अर्थातच मी. मी बाजारात जाऊन शाल घेतली, नारळ घेतला. डॉक्टरांनी सांगितलं होतं, "घरच्यांनी बोलायला होकार दिलाय. नाव विचारू नकोस, फक्त हा नंबर घे."

रस्त्यातच उभं राहून मी नंबर टाकला. स्क्रीनवर नाव आलं: दाजी.

मी कापला. चुकून जुना नंबर लागला असेल म्हणून एकेक आकडा बघून परत टाकला.

दाजी.

"बोल शीतल," दाजी म्हणाले. "अक्का बरी आहे ना?"

मी नारळाची शेंडी धरून उभा होतो. "दाजी, तुम्ही अक्काची गाठ कधी तपासली होती?"

मागं मागाचा खडखडाट येत होता. त्यांचे चार यंत्रमाग आहेत.

"गेल्या वर्षी. फेब्रुवारीत," ते म्हणाले. "'इतर' म्हणाले. पुढं पाठवावं लागेल म्हणाले. मी परत गेलो नाही विचारायला."

"का?"

"विचारलं तर सांगतील म्हणून."

"आणि परवा होकार दिलात?"

"लॅबवाले म्हणाले, औषधाचं यंत्र सुरू होतंय. मला वाटलं, दोन दारं वाजवली तर एखादं उघडेल. का रे? काय झालं?"

*

अक्का खाटेवर उशीला टेकून बसली होती. मी शाल तिच्या मांडीवर ठेवली आणि सांगितलं. सांगताना मला नेमकं कुठं थांबावं ते कळेना, म्हणून मी न थांबता शेवटपर्यंत गेलो.

"म्हणजे चार पण मी आणि बारा पण मी?"

"हो."

"आणि मला शोधून काढलं कुणी? तुझ्या कचऱ्याच्या गाडीनं?"

"हो."

ती हसायला लागली. मग खोकला. मग परत हसू. आईनं पाणी आणलं. "घाल की मग शाल," अक्का म्हणाली. "नारळ आईकडं दे, चटणीला होईल."

"अक्का, आपण अकराच आहोत. मला डॉक्टरांना सांगावं लागेल. सोमवारी..."

"शीतल." तिनं शाल स्वतःच ओढून घेतली. "सात नंबरची बायको काय करायची?"

"ते जीपमध्ये, अक्का."

"नुसती शीटावर बसायची. पिशवी घेऊन. मी काय वेगळं करणार आहे? गप बस तू."

तरी मी गेलो. मला भीती वाटत होती की दोनदा मोजलेली अक्का यंत्राला चुकीचं काहीतरी शिकवेल आणि शिपाई जतच्या म्हाताऱ्याचं हृदय धरतील.

"डॉक्टर, समजा," मी म्हणालो, "चार आणि बारा एकच..."

"माझा डावा कान दुखतोय," डॉक्टर मुल्ला म्हणाल्या.

"मी उजवीकडं बसलोय."

"मग उजवा." त्यांनी कप बाजूला केला. "तुला यंत्राची माहिती हवी असेल तर देते. गाठ वाचायच्या आधी ते माणसाची ओळख पटवणाऱ्या खुणा पुसून टाकतं. कुणाला ओळखता येऊ नये म्हणून. त्यामुळं एकाच माणसाच्या दोन गाठी आल्या तर त्याला कळणार नाही. उलट त्या वेगळ्या असतील तर त्याला दोन्हींतून शिकायला मिळतं. नुकसान कुणाचंच नाही. नऊ पुरतात, हे मी तुला आधीच सांगितलंय."

"पण एकाच माणसाच्या गाठी वेगळ्या कशा असतील?"

"पसरलेली गाठ हळूहळू बदलत जाते. मूळच्या गाठीपासून लांब जाते. लगेच उपचार झाले असते, तर पसरायला वेळच मिळाला नसता. दोन माणसं वाटावीत इतकं बदलायला वेळ लागतो."

"किती?"

त्या खिडकीबाहेर बघत होत्या. तिथं नोंदणी कक्षाची रांग होती.

"दहा-अकरा महिने पुरतात," त्या म्हणाल्या.

*

सोमवारी यंत्र सुरू झालं. महिन्याभरात लस आली. एक कुपी चार नंबरची, एक बाराची. बाराची परत पाठवावी लागली, "पेशंट अशक्त, पुढे ढकलावी" असं लिहून. एक तारखेला अकरा वाजता माझ्या फोनवर अक्का "त्रिशला बोलतेय" म्हणायची आणि अकरा वाजून पाच मिनिटांनी दाजींच्या फोनवर "अनुप्रिया बोलतेय." दाजी त्यासाठी दर एक तारखेला माग बंद ठेवून यायचे. अनुप्रियाला दुखणं जरा जास्त असायचं. "सासरी असते ना," अक्का म्हणायची. दाजी खाली बघून हसायचे.

दिवाळीत सात नंबरनं फोटो पाठवला. पाठीवरची लिंबाएवढी गाठ वाटाण्याएवढी झाली होती. नऊ नंबर कामावर जायला लागली. पाच नंबरनं लग्न ठरवलं आणि ग्रुपला नावाशिवायच पत्रिका पाठवली.

अक्काच्या छातीतल्या गाठी जराही हलल्या नाहीत. शिपाई वर्णन घेऊन फिरत होते, पण त्यांची संख्या कमी होती आणि चोरांनी गाव वसवलं होतं. डॉक्टर मुल्लांनी सांगायला सुरुवात केली, "हेच जर दीड वर्ष..." आणि मग चहा पिऊन टाकला. गरमच.

डिसेंबरात अक्काला एक वाक्य पुरं करायला दोन श्वास लागायला लागले. एक तारखेला अकराला फोन वाजला. तिनं तो माझ्याकडं ढकलला.

"तू बोल. तुला... येतंय की माझ्यासारखं."

मी बोललो. वीस वर्षांनी परत. माझ्याच आवाजानं मला विचारलं, आणि तिच्या आवाजात मी सांगितलं, बरं आहे, भूक लागते, झोप येते. फोन ठेवल्यावर ती मान हलवत होती.

"इतकी गोड... मी बोलत नाही. जरा... वैतागून बोल."

त्याच आठवड्यात तिनं मला आणि दाजींना समोर बसवलं. तिनं हिशेब आधीच लावून ठेवला होता. यंत्र चालू राहायला कागदावर अकरा लागतात. आहेत बारा. म्हणजे तिच्यातली एकच जाऊ शकते.

"अनुप्रिया... जाऊ दे," ती म्हणाली.

दाजी उठून उभे राहिले. "मी ते नाव..."

"माहीतय. तुम्ही लिहिलंत. अंगठीनं." तिनं श्वास घेतला. "अक्षर पण... चांगलं आलं होतं. पण सासरची बाई... सासरच्या नावानंच जाते. दाखला मिळेल. कुणी विचारणार नाही. इकडची राहू दे. आईला... बरं पडेल."

दाजी परत बसले. मग माझ्याकडं वळून ती म्हणाली, "आणि नवीन माणूस आलं की... मला पण उतरव. फाट्याला. उगाच शीट अडवून... बसायची सवय नाही मला."

*

अनुप्रिया भरतेश चौगुले जानेवारीच्या सतरा तारखेला गेली. इचलकरंजीला अक्काचं सगळं रीतसर झालं. दाखल्यावर दाजींनी सही केली, तेव्हा लेखनिकानं मृत्यूचं कारण विचारलं आणि यादी पुढं केली. दाजींनी न विचारता शेवटच्या रकान्यावर बोट ठेवलं.

ग्रुपवर बातमी गेली, बारा नंबर गेली. सात नंबरनं निरोप पाठवला, "लई आभार तिचं. ती चढली म्हणून गाडी हलली. चार नंबर, तू जप गं बाई." तो मी दोनदा ऐकला. उत्तराला अक्का पाठवायची तसला अंगठा पाठवला.

फेब्रुवारीच्या एक तारखेला अकरा वाजता फोन आला.

"नमस्कार. आपण त्रिशला मगदूम बोलत आहात का?"

"बोलतेय," मी वैतागून म्हणालो.

स्वयंपाकघरात भांडं पडलं. आई दारात आली. मी तिला खुणेनं आत जा म्हटलं, पण ती उंबऱ्यावरच बसली आणि शेवटपर्यंत हलली नाही. मार्चच्या एक तारखेला पावणेअकरालाच ती शेंगांचं ताट घेऊन उंबऱ्यावर बसली होती. त्यानंतर दर महिन्याला. तिथून तिला एक मुलगा काळजीनं विचारताना ऐकू यायचं आणि एक मुलगी उत्तरं देताना. आमच्या घरात आम्ही दोघं इतकं नीट कधीच बोललो नव्हतो. एकदा दाजी पण आले. पहिल्या "बोलतेय"लाच ते चप्पल घालून बाहेर गेले.

भूक लागते का, असं यंत्रानं विचारलं की आई हळूच म्हणायची, "जेवलीस का म्हणून विचार." प्रश्न मी विचारत नव्हतो, मी उत्तरं देत होतो. पण हे तिला कसं समजावणार, कारण प्रश्न मीच विचारत होतो.

असे आठ फोन झाले. सात नंबरची गाठ गेली, पण परत येऊ नये म्हणून वर्षभर लस लागणार होती. सगळ्यांनाच लागणार होती.

सप्टेंबरच्या अठ्ठावीसला पुसदच्या एका शिक्षिकेची नोंद झाली. चंद्रपूरच्या एका ड्रॉवरमध्ये ती फक्त पाच आठवडे होती. घंटागाडीतली ती तीन वाक्यं आता सगळ्या राज्यात वाजतात, ओल्या आणि सुक्याच्या मधे. यंत्र चालू असताना गेलेल्याचा नंबर परत देत नाहीत, म्हणून तिला तेरा मिळाला. ती ग्रुपवर आली आणि तिनं घाबरत "नमस्कार" लिहिलं.

"या, या," सात नंबर म्हणाला. "जागा हाय."

कागदावर परत बारा झाले. मी ही बातमी घरात सांगितली नाही. तीन दिवस मी अक्काशी मनात वाद घातला. म्हटलं, अजून एक महिना. काय बिघडतंय? कुणाची जागा अडतेय? ती काहीच म्हणाली नाही. तिचा आवाज माझ्याकडं होता, त्यामुळं मी म्हणेन तेच ती म्हणणार होती. त्यातच सगळी पंचाईत होती.

एक तारीख आली. आई ताट घेऊन उंबऱ्यावर. अकरा.

"नमस्कार. आपण त्रिशला मगदूम बोलत आहात का?"

"बोलतेय."

"या महिन्यात दुखणं कसं आहे?"

"दुखत नाही आता."

"भूक लागते का?"

"जेवलीस का विचार," आई म्हणाली.

"लागते," मी म्हणालो.

"पुढच्या महिन्यात याच वेळी फोन करू का?"

दर वेळी इथं "हो" म्हणायचं असायचं. आईच्या हातातली शेंग फुटली.

"नको," अक्का म्हणाली.

"नोंदीतून नाव काढायचं आहे का?"

"हो. काढा."

"कृपया कारण सांगा. बरे झाल्यास, एक. गाव बदलल्यास, दोन. मृत्यू झाल्यास, तीन. इतर कारण असल्यास, चार."

मृत्यू हा शब्द माझ्या आवाजात फार स्वच्छ येतो. कंपनीनं तेव्हा कौतुक केलं होतं. तीन म्हणायला मी तोंड उघडलं, पण मेलेलं माणूस स्वतःच्या तोंडानं तसं कसं सांगणार, हा साधा तांत्रिक प्रश्न होता. आणि आई ऐकत होती.

"इतर," अक्का म्हणाली. जरा वैतागून.

"नोंद झाली. काळजी घ्या."

फोन बंद झाला. बाहेर घंटागाडी गल्लीच्या तोंडाशी आली होती. मी तिथं पण बोलत होतो.

"काय म्हणाली?" आईनं विचारलं.

"जेवले म्हणाली."

आईनं मान हलवली. टरफलं पदरात गोळा केली, गुडघ्यावर हात टेकून उठली.

"मग चल," ती म्हणाली, "तू पण बस जेवायला."